उचलून कोण नेणार?

दसरा झाला की नदीकाठची अर्धी वस्ती ऊसतोडीला जाते आणि लेकरं म्हाताऱ्यांच्या भरवशावर राहतात. यंदा नेमकं तेव्हाच वर येलदरीचं धरण काठोकाठ भरलेलं. अंगणवाडीच्या शिवकन्याबाईंना तालुक्याच्या साहेबांचं फर्मान आलं: पुरात धोका असलेल्या लेकरांची यादी द्या, एकही रकाना रिकामा नको.

शेवटचा रकाना होता, ‘लेकराला उचलून कोण नेणार?’

बायनाबाई आजीला दिसत नव्हतं, बन्सीधर आजोबांना काठीशिवाय उठता येत नव्हतं. “तुझंच नाव टाक की माय, तू हायस ना,” दारोदार हेच उत्तर. नाही म्हणावं तर यादी परत येणार, हो म्हणावं तर हात दोनच. बाईंनी चरफडत चौदा लेकरांपुढं चौदा वेळा स्वतःचंच नाव लिहिलं.

साहेबांनी यादी चाळली. “छान काम, बाई. पण हा एक रकाना रिकामा कसा?”

ती पंधरावी ओळ बाईंच्या स्वतःच्या तीन वर्षांच्या लेकीची, पंकजाची होती. नवरा ऊसतोडीला गेलेला, सासू अंथरुणाला खिळलेली.

“कोणाचंही टाका, पण भरा,” म्हणत साहेबांनी पेन पुढं केलं.

बाईंनी ते घेतलं.

“मग साहेब, तुमचं पूर्ण नाव सांगा.”