आधी हाळी, मग हात

"जनावराला आधी हाळी द्यावी, मग हात लावावा," असं म्हणत मामा छावणीच्या फाटकातूनच ओरडायचे, "हौशाऽ, उठलास का रं?" तबेल्याच्या पार दुसऱ्या टोकाकडून एक खेचर गळा काढून ओ द्यायचं. तुमच्यापैकी कोणी खेचराचं ओरडणं ऐकलं असेल तर सांगायला नको. छावणीलगतचं अख्खं भिंगार गाव जागं व्हायचं.

लढाईची वर्षं होती. नगरच्या छावणीत, जनावरांच्या दवाखान्यात मी कारकून होतो आणि मामा, म्हणजे सगळ्या छावणीचेच मामा, खेचरं हाकणारे शिपाई. शेवगावकडचे, चाळिशी ओलांडलेले, भलते बोलघेवडे. बायको केव्हाच गेलेली. हौशा हाच काय तो त्यांचा गोतावळा.

पोळ्याला लोक बैल सजवतात, मामा हौशाला सजवायचे. शिंगं नाहीत म्हणून कानांना हिंगूळ! "तुला शिंगं न्हाईत, ह्यात तुजा काय दोष?" अशी वर समजूतही घालायचे. आमच्या घरची पुरणपोळी आधी हौशाला, उरली तर त्यांना.

पुढे छावणीत एक नवी पलटण उभी राहू लागली. दारावर पाटी नाही, टोपीवर बिल्ला नाही. ठिकठिकाणच्या पलटणींतून निवडून आणलेली माणसं होती. ब्रह्मदेशच्या जंगलात शत्रूच्या पाठीमागे शिरायचं, एवढंच कानावर आलं. त्यांना विचारलं तर ती नुसती हसायची. मला त्या हसण्याची धास्ती वाटायची.

पलटणीने हौशाला निवडलं. मामांना नाही. गोरा साहेब म्हणाला, हा माणूस फार बोलतो, तिथे याच्या एका शब्दाने सगळे मरतील.

मामा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "हौशा एकला जाईल व्हय, भाऊसाहेब? त्याला कोन हाय तितं?"

फार विनवण्या केल्यावर साहेबाने परीक्षा ठेवली. हौशाला घेऊन चांदबिबीच्या महालाचा डोंगर चढायचा नि उतरायचा, तोंडातून आवाज न काढता. मामा आमच्या घरी आले. "वैनी, चिंचोके हायेत का?" घरात नुकतीच चिंच फोडून झाली होती. त्यांनी एक चिंचोका जिभेखाली ठेवला, तोंड मिटलं आणि डोंगर करून आले. साहेबाने त्यांचं नाव यादीत घातलं. "ह्यो माजा गुरू," म्हणत तो ओला चिंचोका सगळ्यांना दाखवत फिरले. आम्ही पोट धरून हसलो.

पण आवाज खेचरांचाही चालणार नव्हता. आमच्याच दवाखान्यात, भूल देऊन, डॉक्टरांनी एकेकाच्या गळ्यातला आवाज कापून काढला. हौशाचं डोकं मामांच्या मांडीवर होतं. मी बाहेर बसलो होतो. आतून काहीच ऐकू येत नव्हतं आणि तेच मला सहन होईना.

जखम भरल्यावर मामांनी सवयीने फाटकातून हाळी दिली. हौशाने मान वर केली, पोट आत ओढलं, तोंड फाकवलं. नुसती हवा आली. रांगेतल्या बाकीच्या खेचरांनीही तशीच तोंडं उघडली. त्यानंतर मामांनी फाटकातून कधी हाळी दिली नाही.

निघायच्या दिवशी हौशाला गाडीच्या डब्यात चढवून ते माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "मामा, तिथे तरी गप्प राहा हो." त्यांनी खिशातली चिंचोक्यांची पुरचुंडी वाजवून दाखवली आणि डब्यात शिरले.

लढाई संपल्यावर त्या पलटणीतला पारनेरकडचा एक शिपाई काठी टेकत दवाखान्यात आला. मी मामांची चौकशी केली.

"नदी उतरताना हौशानं दोर सोडवला आन् मागं पळाला," तो म्हणाला. "धुकं लई हुतं. आमी पल्याड आल्तो, दुश्मन अल्याड झाडीत. साहेबानं खुनावलं, जाऊ द्या त्याला. मामांनी तोंडातला चिंचोका माज्या हातावर ठिवला, परत पान्यात शिरले. काठाला लागले आन् हाळी दिली."

"मग?"

"हौशा जवळच हुता, भाऊसाहेब. पर त्याला ओ कुटं देता येतीया? धुक्यात दिसला न्हाई, मामांना वाटलं आसंल, लांब गेला. म्हनून पुन्यांदा हाळी दिली. गोळ्या आल्या त्या हाळीच्या रोखानंच."

मी त्याला बसायला स्टूल सरकवलं. तो आपणहून बोलला.

"धुकं उठल्यावर पल्याडून दिसलं आमाला. मामा पडल्याले, आन् हौशा त्यांच्या उशाला, तोंड फाकवून. वरडत हुता तो. आमाला ऐकू येत न्हवतं, एवढंच."