मुलीची शाळा माझ्या कामावर आली

नवीन अभ्यासक्रमात म्हणे पोरांना जगायला शिकवायचंय. म्हणून एक दिवस दप्तर घरी ठेवायचं आणि आजूबाजूची माणसं काय कामं करतात ते बघायला जायचं. ऐकून मला बरं वाटलं होतं. मग सातवीतली माझी लेक म्हणाली, "आई, उद्या सुट्टी घे ना." तिची शाळा हाटकेशच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमच्याच गाळ्यात येणार होती. मी तिथे इमिटेशनच्या दागिन्यांना खडे चिकटवते.

"का गं, लाज वाटते?"

"तसं नाही."

"मग कसं?"

मैत्रिणींना तिने सांगितलं होतं, आई ऑफिसमध्ये आहे. हे मला शेजारणीकडून आधीच कळलं होतं. डोकं असलं फिरलं ना! मुद्दाम गेले, वर चांगला ड्रेस घालून.

शेठने त्या दिवशी पंखेसुद्धा पुसून घेतले. शाळेच्या बाई नवीन, मला ओळखत नव्हत्या; त्यांनी पोरांचे गट पाडले, प्रत्येकाच्या हातात प्रश्नांचा छापील कागद. आणि नशीब बघा, माझ्या टेबलावर नेमकी हीच. मान खाली घालून मागे उभी.

"तुम क्यों चुप हो? पूछो," बाई म्हणाल्या. गाळ्यात सगळे हिंदीच बोलतात.

तिने कागदावर बघून विचारलं, "आंटी, आप कितना पढ़े हो?"

आंटी! अगं भवाने, सकाळी तुझी वेणी कोणी घातली?

"दसवीं फेल," मी म्हटलं. मी बारावी पास आहे, तिला माहीत आहे. तिने मुकाट लिहून घेतलं.

"आपको बच्चे हैं?"

तिथे मी थांबायला हवं होतं. तिचा आवाज कापत होता, डोळे भरले होते, सगळं दिसत होतं मला. नुसतं 'बाळा' म्हटलं असतं तरी सगळ्यांसमोर बिलगली असती. पण मला तिला दुखवायचंच होतं, खोटं कशाला बोलू?

"नहीं बेटा," मी हसून म्हटलं. "कोई नहीं है."

पेन थांबलं. मग परत चाललं. बाईंनी तिच्या अक्षराचं कौतुक केलं.

घरी जेवण झाल्यावर तिने तोच कागद माझ्यापुढे ठेवला. "सही पाहिजे. पालकांची."

मला वाटलं, बदललं असेल तिने. कसलं काय! मुलांच्या रकान्यात टपोऱ्या अक्षरात तसंच होतं: नाहीत.

"खोड ते," मी म्हटलं.

"खाडाखोड केली की मार्क कापतात," ती म्हणाली आणि पेन पुढे केलं.

मी सही केली.