डॅशबोर्डवरची अगरबत्ती : नाशिक ते सुरगाणा

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. रसायनशास्त्रात बी.एस्सी., फर्स्ट क्लास. हे मीच सांगते, कारण घरात दुसरं कोणी सांगत नाही. घरात कौतुक चालतं ते मंदाचं. मंदा माझ्या धाकट्या भावाची बायको. दहावीनंतर तिची शाळा सुटली, पण चांदवडजवळच्या आमच्या मळ्यातून कांद्याने भरलेला पिकअप ती एकटी लासलगावच्या मार्केटला नेते. ट्रॅक्टरच्या गर्दीत रिव्हर्स घेते आणि माझे वडील म्हणजे आबा तिच्या शेजारी ऐटीत बसून असतात.

मी नाशकात नोकरी करते. लायसन काढलं आणि जुनी का होईना, स्वतःच्या पगारातून चारचाकी घेतली. सुरगाण्याला आत्याचा पाय मोडल्याचं कळलं तेव्हा फोन करून म्हटलं, "आबा, मी नेते तुम्हाला." आबा मंदाला घेऊनच पंचवटीत माझ्या दारी उतरले.

"जाताना तू चालव, बघू," ते म्हणाले. "येताना मंदा चालवंल."

मला ते लागलं. येतानाही मीच चालवणार, हे मी तिथंच ठरवलं.

निघण्यापूर्वी आबांनी अर्धं केळं डॅशबोर्डवर ठेवलं, त्यात अगरबत्ती खोवून पेटवली, हात जोडले आणि मंदासोबत मागे बसले. पुढे मी एकटीच, भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरसारखी.

म्हसरूळ मागे पडलं आणि पेट्रोलचा दिवा लागला. मला गाडी मिळाली तीच टाकी भरून. त्यानंतर घर ते ऑफिस, एवढीच तिची मजल, त्यामुळे पंपावर जायची ही माझी पहिलीच वेळ. हे अर्थात मी कोणाला सांगितलं नव्हतं. दिंडोरी रस्त्यावरच्या पंपावर गाडी लावली, तर टाकीचं झाकण भलत्याच बाजूला.

"ताई," मागून मंदा म्हणाली, "काट्याजवळ पंपाचं चित्र हाय ना, त्याच्या बगलेला बाण हाय बघा. बाण जिकडं, टाकी तिकडं."

तो काटा रोज माझ्या डोळ्यांसमोर. बाण मात्र आज दिसला.

गाडी फिरवून घेतली. पंपावरची बाई जवळ आली. "मॅडम, आधी इंजिन बंद. पेट्रोलच ना?" तिने पाइप हातात घेतला, काचेतून आत पाहिलं आणि पाइप परत जागेवर अडकवला. "आत काय जळतंय हो?"

अगरबत्ती! पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, लांबच्या ठिणगीनेही पेटते. हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं. मी घाईने फुंकर मारायला वाकले.

"फुंकू नको!" आबा ओरडले. "देवाची अगरबत्ती तोंडानं विझवत्यात का? कॉलेजात हेच शिकली?"

"आबा, पंप आहे हा!"

"म्हणून देवाला उष्टी हवा देती का?"

मागच्या गाडीवाल्याने हॉर्न लावून धरला. मी आबांना वाफेचे गुणधर्म समजावत होते. तेवढ्यात दोन सीटांच्या मधून मंदाचा हात पुढे आला. तिने अगरबत्तीचं पेटतं टोक चिमटीत धरून चुरडलं, स्स्‌ केलं आणि तोच हात कपाळाला लावला.

"देव समजून घेईल, आबा. पेट्रोल नाय समजून घ्यायचं."

पंपावरची बाई खळखळून हसली, आबाही हसले. मला हसू आलं नाही. "झिरो बघा," बाई म्हणाली (यंत्रावरचा आकडा शून्यावर आहे ना, हे गिऱ्हाइकाने पाहून घ्यायचं असतं). मी घाईत थोडंच भरून घेतलं. टाकीचं झाकणही शेवटी मंदानेच उतरून कट वाजेपर्यंत फिरवलं.

दिंडोरीच्या पुढे द्राक्षबागांवर पांढरं प्लास्टिक पसरलेलं होतं. वणीला सप्तशृंगीचा डोंगर अगदी समोर उभा राहिला, आबांनी गाडीतूनच नमस्कार केला. मग वळणं सुरू झाली. टपापर्यंत भरलेल्या जिपा आम्हाला सहज ओलांडून जात होत्या. प्रत्येक जिपेनंतर आबा म्हणत, "मंदा चालवत असती तर..." मी गिअर बदलत राहिले.

आत्या खाटेवर होती. स्वयंपाकाला मंदाच बसली. कढत पाण्यात नागलीचं (नाचणीचं) पीठ मळून तिने भराभर भाकरी थापल्या, बोटांनीच तव्यावर उलटल्या, निखारे हातानेच मागे सारले. सोबत उडदाची आमटी. मी चार भाकरी खाल्ल्या, रागाने खाल्ल्या, तरी गोड लागल्या.

"सून मिळवली बाई दादानं!" आत्या म्हणाली. मला तिने ऑफिसात एसी आहे का, ते विचारलं.

दुपारी निघताना आबांनी माझ्या हातातली चावी घेतली आणि मंदापुढे धरली. मी नजर दुसरीकडे वळवली.

"नाय हो आबा," मंदा बोटं फुंकत म्हणाली. "सकाळी भाजलं ना अगरबत्तीनं. स्टेरिंग धरवत नाय. ताईलाच चालवू द्या."

आबांनी बोटांकडे पाहिलं, चावी मला दिली आणि पुढे, माझ्या शेजारी येऊन बसले. "लक्ष ठेवतो," म्हणाले.

वणीच्या पंपाजवळ मी गाडी आत वळवली. टाकीत पेट्रोल पुरेसं होतं, तरी वळवली. बाण पाहिला, झाकण पंपाच्या बाजूला घेतलं, इंजिन बंद केलं. आबांनी फोन काढला, तो आत ठेवायला लावला. त्यांनी स्वतः वाकून डॅशबोर्डवरची अर्धी अगरबत्ती पाहिली. "थंड हाय," त्यांनी खात्री दिली. मी झिरो पाहिला. पाइप आपोआप थांबला, तसा पंपवाला म्हणाला, "अजून थोडं टाकून राउंड फिगर करू?"

"नको. कट झालं की बास. टाकीत वाफेला जागा राहू दे."

झाकण मीच फिरवलं. कट.

"शिकली," आबा म्हणाले. मग मागे वळून, "तुझ्यामुळं, मंदा."

मी आरशात पाहिलं. मंदा मागे शेंगा फोडून खात होती. चिमटीत दाबायची, टचकन फोडायची, त्याच बोटांनी. माझी नजर दिसताच तिने हात पदराखाली घेतला.

गाडी चालवण्यात मी तिला कधीतरी गाठेन. पण चावी समोर आलेली असताना असं खोटं बोलणं मला जमलं असतं का? त्याचं उत्तर मला माहीत आहे, आणि तेव्हापासून तिचा जास्तच हेवा वाटतो.