आत ठेवलेला आकडा

डोळ्यांच्या दवाखान्याचं टोकनचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी त्यात फार जीव ओतला, असं काही नाही. रायपूरच्या पंडरी बाजारात होलसेल कापडाच्या दुकानावर आमचं ऑफिस. जिन्यात कायम कापडाच्या गाठी पडलेल्या, त्यांना वळसा घालून वर जायचं आणि दिवसभर लोकांच्या बिलिंगच्या भानगडी निस्तरायच्या. त्यात हे एक लहानसं काम. सदर बाजारातला खासगी दवाखाना, प्रत्येक डॉक्टरची वेगळी रांग. स्क्रीनवर नंबर दिसावा आणि एका बाईच्या आवाजात तो पुकारला जावा, एवढंच त्यांना हवं होतं.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम केली. वडिलांच्या दम्याच्या दिवसांत आई त्यांना घेऊन दवाखान्याच्या रांगेत बसून असायची आणि कोणीतरी "भैया, ज़रा देख लेना" म्हणत सरळ आत जायचं. रायपुरात ज्याची त्याची कुठे ना कुठे ओळख असते. आमची नव्हती. वडील रेल्वेत, वर्ध्याकडून बदलून आलेले. तो राग माझ्या डोक्यातून कधी गेलाच नाही. म्हणून टोकनचा आकडा मी कोणाच्या हाती लागणार नाही असा ठेवला.

त्याची रीत साधी आहे. एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, लिहायचा, आकडा त्याच्या पोटात ठेवायचा आणि त्यातून दोनच लहान फंक्शनं बाहेर द्यायची. एक पुढचा नंबर पुकारणारं, दुसरं चालू नंबर सांगणारं. मोठं फंक्शन आपलं काम करून निघून जातं, पण ही दोन लहानं तो आकडा धरून बसतात. बाहेरून तो दिसत नाही, बदलता येत नाही. प्रत्येक डॉक्टरसाठी मोठं फंक्शन एकदा बोलवायचं की ज्याला त्याला स्वतःचा आकडा मिळतो. आमच्या धंद्यात याला क्लोजर म्हणतात. हेच काम बहुतेक लोक क्लास लिहून, म्हणजे आकडा आणि त्याची फंक्शनं एका मोठ्या साच्यात बांधून करतात. मला क्लासचा पसारा कधी आवडला नाही.

सुरुवातीला रिसेप्शनवरून रोज फोन यायचे.

"दीदी, नंबर बदलना हो तो कहाँ से बदलेंगे?"

"कहीं से नहीं," मी सांगायची. ज्याला खरंच तातडी असे तो पेशंट वेगळ्या दारानं आत जायचाच. बाकीच्यांनी बसावं. हळूहळू फोन बंद झाले. लोकांनाही कळलं असावं की इथे बोलून उपयोग नाही.

आईला याचा भारी अभिमान. तिला क्लोजर-बिजर काही कळत नव्हतं, पण पुरानी बस्तीतल्या आमच्या अख्ख्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, तिनं सांगून ठेवलं होतं की त्या दवाखान्यात कोणाची ओळख चालत नाही, माझ्या मुलीचीसुद्धा नाही. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला तेव्हा मी म्हटलं, डॉक्टरांना फोन करून वेळ घेते. ती माझ्यावरच उखडली.

"काहून? माह्या पोट्टीनं रांग बनवली अन् मीच घुसू काय त्यात?"

मग ती नंबर घेऊन बसायची. स्क्रीन तिला धुरकट दिसायची, पण पुकारलेला प्रत्येक आकडा ती कान देऊन ऐकायची आणि बोटांवर मोजायची.

मागच्या वर्षी ऑफिसात नवा टीम लीड आला. भिलाईचा, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा, वागायला चांगला. त्यानं सगळा जुना कोड वाचून काढला आणि मला चहाला खाली घेऊन गेला.

"मैडम, आपका काम एकदम साफ है. पर नए बच्चे क्लास समझते हैं, ये नहीं समझते. कल आप नहीं रहीं तो इसको कौन देखेगा?"

त्याचं चुकत नव्हतं, हाच तर त्रास होता. मी वाद घातला, म्हटलं, आकडा उघडा पडेल. क्लासमध्येही आकडा लपवता येतो, पण दवाखान्यातल्या त्या जुन्या मशीनवर ती सोय चालत नव्हती. तो म्हणाला, नावाआधी अंडरस्कोर लावा. म्हणजे नावाच्या सुरुवातीला एक खालची रेघ काढायची आणि जगानं समजून घ्यायचं की याला हात लावू नये. मला हसूच आलं. ज्या गावात 'प्रवेश निषेध'च्या पाटीखालून लोक स्कूटर काढतात, तिथे ही रेघ कोण पाळणार? हे मी त्याला बोललेसुद्धा. पण तेव्हा मी थकले होते. घरी आई, इथे रोजच्या भानगडी, आणि आता एका आकड्यासाठी किती भांडायचं? आठवडाभर बसून मी सगळं क्लासमध्ये लिहून दिलं. रेघ लावली. नव्या मुलांना लगेच समजलं.

दवाखान्याच्या कॉम्प्युटरवाल्यालाही समजलं. त्यानं रिसेप्शनच्या स्क्रीनवर एक रिकामी चौकट बसवली. तिच्यात नंबर टाकला की तोच पुकारला जातो, मग मागचा आकडा परत टाकला की रांग पुढे चालते. हे मला ठाऊक नव्हतं. आईच्या ऑपरेशनची तारीख ठरवायला आम्ही गेलो, त्या दिवशी कळलं.

हॉल भरलेला होता. नंबर नीट चालले होते, आई बोटांवर मोजत होती. मग पांढऱ्या शर्टातला एक माणूस काउंटरवर वाकून काहीतरी बोलला, रिसेप्शनवरच्या मुलीनं टाइप केलं आणि त्या बाईच्या आवाजात चव्वेचाळीस पुकारला गेला. तो माणूस आत गेला.

"एकतीस झाला न आत्ता?" आई म्हणाली. "मंग चव्वेचाळीस कसा?"

मी काउंटरकडे पाहत होते. त्या मुलीनं मला ओळखलं आणि लगबगीनं उठून आली. "दीदी, पहले बता देते न! अम्मा का नंबर अभी ले लेती हूँ."

"नाही बाई," आई म्हणाली. "मी माह्या नंबरानं येईन."

मुलगी गोंधळून परत गेली. आई स्क्रीनच्या दिशेनं डोळे बारीक करून पाहत राहिली.

"हे तुह्यं मशीन नाही न?"

"त्यांनी बदललं, आई," मी म्हणाले.

"तेच म्हटलं मी." तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. शेजारी गावाकडची एक बाई डोळ्याला पट्टी लावून बसली होती. आई तिच्याकडे वळून हिंदीत म्हणाली, "ये मेरी बेटी का बनाया हुआ नहीं है. उसका रहता, तो ऐसा नहीं होता."

"हव," ती बाई म्हणाली आणि चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहू लागली.

आवाजानं बत्तीस पुकारला. आईनं पुढचं बोट दुमडलं.