खंडेनवमीचे टॅपेट

आमच्या बाबांना गाडीचे टॅपेट करायचे असले, की आदल्या संध्याकाळपासून गाडीला कोणी हात लावायचा नाही असा दंडक असतो. इंजिन रात्रभर गार झालेलं हवं. कोणाला दूध आणायला जायचं असो की दवाखान्यात, रिक्षा करा. आम्ही त्यांच्याच इमारतीत राहतो. एकदा माझ्या नवऱ्याने न सांगता गाडी नुसती सावलीत लावली, तर बाबा त्याच्याशी दिवसभर जावयाशी बोलावं तसं अहो-जाहो करून बोलले. एरवी ते त्याला अरे-तुरे करतात.

टॅपेट करायचे म्हणजे काय, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. इंजिनाच्या झडपा आणि त्या उघडणारे दांडे यांच्यात बारीकशी फट ठेवावी लागते. फट वाढली की इंजिन शिवणयंत्रासारखं टकटकतं, कमी झाली की झडप पूर्ण मिटत नाही आणि जळते. ही फट मोजायला फिलर गेज असतो, म्हणजे पोलादाच्या पातळ पात्यांचा जुडगा. हव्या त्या जाडीचं पातं फटीत सरकवायचं आणि नट आवळायचा. 'पातं अडखळलं पाहिजे, अडकता कामा नये,' हे बाबांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की माझ्या लग्नात ते आशीर्वाद म्हणून हेच म्हणतील अशी मला धास्ती होती.

गाडी छोटी, तीन सिलिंडरची, पांढरी. निदान घेतली तेव्हा पांढरी होती. नाशिकच्या रस्त्यांवर अशा गाड्या आता शोधाव्या लागतात. दर पंधरा दिवसांनी बाबा तिच्यातून आईला निफाडला मामाच्या मळ्यावर नेतात, द्राक्षांच्या दिवसांत तर दर आठवड्याला. आई शेजारी बसते आणि घरापासून मामाच्या फाटकापर्यंत बोलत असते. मागून ट्रक येतोय हं. तो बघा, हॉर्न देऊन देऊन थकला बिचारा. ट्रॅक्टरवाला वळतोय. मी मागे बसले की आईची नक्कल करायचे, आणि बाबाही गालात हसायचे. आईला गाडीची भीती वाटते, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

यंदा गणपतीत दादा पुण्याहून आला आणि गाडी सुरू झाल्याबरोबर म्हणाला, "बाबा, इंजिन गेलं. केवढं वाजतंय. आता ही भंगारात द्या."

बाबा म्हणाले, "इंजिन जायला काय धाड भरलीय? टॅपेट ढिले झालेत. मला केव्हापासून ऐकू येतंय ते."

इथे मी आणि आईने एकमेकींकडे पाहिलं. बाबांना कमी ऐकू येतं हे आमच्या इमारतीत सर्वांना माहीत होतं, बाबा सोडून. त्यांच्या मते त्यांचे कान ठणठणीत होते, हल्लीची माणसंच तोंडातल्या तोंडात बोलतात. बातम्या देणाऱ्या बाईलाही त्यांनी पुटपुटणाऱ्यांत जमा केलं होतं. ती बाई आमच्याकडे लागली की तिसऱ्या मजल्यावरचे लोक आपला टीव्ही बंद करून बसत, कारण फुकट ऐकू यायचं.

दादा काही ऐकेना. त्याचंही चूक नव्हतं. बाबांच्या वयाची त्याला काळजी होती आणि ती गाडीच्या वयावर ढकलणं त्याला सोपं जात होतं. शेवटी ठरलं असं: दादा दसऱ्याला येईल, गाडी सुरू करून ऐकेल. आवाज गेला असेल तर गाडी राहिली. नसेल गेला, तर त्याच आठवड्यात ती जाईल आणि बाबांनी चालवणं सोडायचं. बाबांनी हसत मान डोलावली. पण दुसऱ्या दिवसापासून ते रोज खाली जाऊन गाडी पुसू लागले. पाहुणे बघायला येणार असले की मुलीच्या बापाची जी अवस्था होते, ती मला तेव्हा कळली.

अष्टमीच्या सकाळी आम्ही पार्किंगमध्ये टॅपेट कव्हर उघडलं. या कामात माझ्याकडे वर्षानुवर्षं एकच खातं आहे: धक्का. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकायची आणि मी मागून ती वीतभर ढकलायची, की पिस्टन हवा तिथे येतो. बाबा पुढून हात वर करतात, मी थांबते. लांबून पाहणाऱ्याला वाटतं गाडी बंद पडली आहे. आमच्या समोर राहणारे, लासलगावला कांद्याची आडत असलेले गृहस्थ नेमके तेव्हाच निघाले होते. "ताई, सरका तुम्ही. लय हलकी गाडी हाय," म्हणून त्यांनी असा काही जोर लावला, की गाडी तुळशीच्या कुंडीपर्यंत जाऊन थांबली. मदत केल्याच्या आनंदात ते बाजार गाठायला निघून गेले. बाबांनी पिस्टन पहिल्यापासून शोधायला घेतला.

त्या दिवशी काम पुरं झालं नाही, कारण कव्हरखालचं रबरी पॅकिंग कडक होऊन तुटलं. नवं मिळवायला बाबांना द्वारका चौकाकडची दुकानं पालथी घालावी लागली, तोवर दुकानं बंद व्हायची वेळ झाली. "हरकत नाही, उद्या अख्खा दिवस आहे," ते म्हणाले. उद्या खंडेनवमी आहे, हे ते पार विसरले होते.

आई विसरली नव्हती. सकाळी आम्ही खाली जायला निघालो, तर देवघरापुढच्या पाटावर बाबांची सगळी हत्यारं मांडलेली. पाने चढत्या क्रमाने, मग स्क्रू ड्रायव्हर, मग आईची विळी, कात्री, माझ्या मुलीचा कंपास आणि मध्यभागी फिलर गेज. त्याची पाती आईने पंख्यासारखी उघडली होती, का तर ती तशी शोभतात. सर्वांना हळदकुंकू, अक्षता, मखमलाबादच्या मळेवालीकडचा झेंडू. वर फुलाने पंचामृत शिंपडलेलं.

"अगं, मला आज हे लागणार आहे," बाबा म्हणाले.

"आज कोणी हत्याराला हात लावायचा नाही," आई म्हणाली. "वर्षभर राबतात बिचारी. एक दिवस बसू दे त्यांना."

"उद्या तो येतोय."

"उद्या उचला ना, सकाळी आरती झाली की. मी पण आज भाजी चिरलेली नाही. डाळ खा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी डाळीची बाजू घेतली, कारण पूजलेला पाना उचलायची माझ्यात हिंमत नव्हती. दिवसभर गाडी खाली आतडी उघडी टाकून उभी होती आणि बाबा गॅलरीतून तिला बघत होते.

दसऱ्याच्या सकाळी आरतीचं शेवटचं कडवं त्यांनी जरा घाईनेच संपवलं. हत्यारं फडक्याने पुसली, फिलर गेज मिटून खिशात घातला आणि आम्ही खाली आलो. मी ढकलत गेले, ते हात वर करत गेले, पातं सरकवत गेले. प्रत्येक नट आवळल्यावर त्यांची मान समाधानाने हलायची. सगळं झालं, नवं पॅकिंग बसलं, कव्हर लागलं. आई आपट्याची पानं आणि गाडीसाठी हार घेऊन खाली आली. बाबांनी किल्ली फिरवली.

गाडी अशी वाजली, की पार्किंगमधलं मांजर उठून गेलं. आधी टकटक होती, आता सरळ खडखडाट. कोणी लोखंडी खलात काहीतरी कुटतंय असं वाटावं. बाबा मात्र गाडीतून उतरले, बॉनेटपाशी आले, डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "बघ. आहे का आवाज? एकदम शांत."

नेहमीची थट्टा ओठांवर आलीसुद्धा नाही. त्यांना खरोखरच ऐकू येत नव्हतं. तो टकटकाट त्यांना गणपतीतही ऐकू आला नव्हता. दादा म्हणाला म्हणून त्यांनी 'केव्हापासून ऐकू येतंय' असं ठोकून दिलं होतं. मी हळूच आईला म्हटलं, "आई, बाबांना हेही ऐकू येत नाही?"

आई हार बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "मग इतकी वर्षं गाडीत मी बडबड करते, ती काय हौस म्हणून?"

मला एकदम लाज वाटली आणि आईचा रागही आला, की तिने हे आम्हाला कधी सांगितलं नाही. पण सांगायचं कसं, हेही कळत होतं. तेवढ्यात दादाचा फोन आला, तो सिन्नरला पोचला होता. आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला नाशिकरोडवरून झेंडू आणायला सांगितलं, मग श्रीखंड, मग एका ठरावीक दुकानातलंच श्रीखंड, जिथे दसऱ्याला रांग लागते. माझी आई खोटं बोलत नाही. श्रीखंड फ्रीजमध्ये होतं हे तिने फक्त सांगितलं नाही.

बाबांना सांगणं माझ्या वाट्याला आलं. मी गाडी बंद केली आणि मोठ्याने म्हटलं, "बाबा, आवाज येतोय. आधीपेक्षा जास्त."

त्यांनी विचारलं, "तुला येतोय?"

"हो."

"हिला पण?"

आईने मान डोलावली. बाबांनी खिशातून फिलर गेज काढला आणि ज्या पात्याने काम केलं ते उजेडात धरलं. मग त्याच्या कडेला नख घातलं. चिकट आवाज करत एकाची दोन पाती झाली. आतल्या बाजूला पिवळी हळद आणि वाळलेलं पंचामृत. मधाने आणि साखरेने शेजारचं पातं त्याला असं घट्ट धरून ठेवलं होतं, की वरचा आकडा बरोबर, जाडी मात्र दोघांची मिळून. सगळ्याच फटी त्या हिशेबाने मोठ्या झाल्या होत्या.

"देवाने माझ्या फिलरचं लग्न लावलं," बाबा म्हणाले. आई हसली, मग मीही हसले. बाबा हसले नाहीत.

इंजिन पुन्हा गार करायला हवं होतं. आडतवाल्यांच्या घरून टेबल फॅन आला, लांब वायर आली, आणि दसऱ्याच्या दिवशी हार घातलेली गाडी पंख्याच्या वाऱ्यात बसून राहिली. येणारेजाणारे सोनं देऊन 'काय झालं?' विचारत होते. आई 'उकडतंय तिला' म्हणत होती. बाबांनी दोन्ही पाती पेट्रोलने पुसली, कोरडी केली, बोटांत फिरवून पाहिली. हात लावण्याजोगं गार झाल्यावर त्यांनी परत सुरुवात केली. या वेळी ते सावकाश होते. पातं ओढताना डोळे मिटत होते. त्यांच्या बोटांना अजून सगळं कळत होतं.

कव्हर लागल्यावर त्यांनी स्वतः किल्ली फिरवली नाही. मला फिरवायला सांगितली आणि आईकडे बघत उभे राहिले. आईने थोडा वेळ ऐकलं, मग म्हणाली, "गेला." मी म्हटलं, "गेला, बाबा. खरंच."

दादा आला तो झेंडू, श्रीखंड आणि रांगेतला राग घेऊन. त्याने गाडी सुरू केली, बॉनेट उघडलं, मोबाइलचा दिवा लावून आत पाहिलं. दिवा कशासाठी, ते त्यालाच ठाऊक. त्याने वाकून कान दिला, एकदा गाडी रेस केली, पुन्हा कान दिला. "च्यायला," तो म्हणाला, "नव्यासारखी लागलीय. ठीक आहे, बाबा. जिंकलात. ठेवा गाडी."

मी सुटकेचा श्वास टाकला. आईने तर आपट्याची पानं त्याच्या हातात कोंबलीसुद्धा. सकाळचं सगळं आमच्या तिघांत राहणार होतं, तसं आम्ही दोघींनी न बोलता ठरवून टाकलं होतं.

"थांब," बाबा म्हणाले. ते फडक्याला हात पुसत होते. "सकाळी मी टॅपेट चुकीचे केले होते. गाडी खडखडत होती. या दोघींना ऐकू आलं, मला नाही आलं."

आई म्हणाली, "अहो, पाती चिकटली होती, त्यात तुमचं काय?"

"पाती चिकटली म्हणून टॅपेट चुकले," बाबा म्हणाले. "आवाज ऐकू आला नाही, तो दोष माझ्या कानांचा." मग त्यांनी किल्ली काढली आणि दादाकडे नाही, माझ्यापुढे धरली. "मामा वाट बघत असेल. निफाडला तू ने आम्हाला. आता तूच नेत जा. टॅपेट मी करीन, त्याला कान लागत नाहीत."

मी किल्ली घेतली. बाबा डावीकडच्या पुढच्या दारापाशी गेले, आणि आईची जागा ती, हे लक्षात आल्यावर दार तिच्यासाठी उघडून धरून स्वतः मागे जाऊन बसले.