मागची सीट वाळूवर

कुवेतला फिरायला कोण जातं? माणसं नोकरीला जातात, चार पैसे गाठीला बांधतात आणि परत येतात. आम्हीही तेच केलं होतं. त्यामुळे नाशिकला परतून बरीच वर्षं झाल्यावर आमच्या ह्यांनी ‘कुवेतला जाऊन येऊ’ असं काढलं, तेव्हा मी आधी हसले. मग कारण कळलं.

श्रीकांतना काचबिंदू आहे. बाजूचं दिसणं गेलंय, समोरचं अजून शाबूत आहे. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली, त्या दिवशी जेवताना ते म्हणाले, “दिसतंय तोवर ते मैदान एकदा बघायचंय. आणि तिथे एक फेरी मारायचीय, शेवटची.” बघायला मी लगेच हो म्हटलं. फेरीचं ऐकून त्यांच्या पानात भात वाढला.

हे मैदान म्हणजे काय ते सांगते. नव्वदच्या दशकाची सुरुवात. युद्ध संपून आम्ही कुवेतला परतलो होतो, श्रीकांत रिफायनरीत इंजिनिअर होते. अहमदी गावाच्या मागे कडक वाळूचा एक तुकडा होता, सुरुंग काढून मोकळा केलेला. तिथे कोपऱ्यांना रिकामे पिंप ठेवून आमची मंडळी शुक्रवारी गाड्यांची शर्यत लावायची. स्टॉक कार रेसिंग! नाव मोठं, गाड्या मात्र घरच्याच, शनिवारी ऑफिसला नेणाऱ्या. नियम एकच होता: शोरूममधून आली तशी गाडी पळवायची, फार तर हाताने निघेल ते काढायचं. मग स्टेपनी बाहेर, पायपुसणी बाहेर आणि मागची सीटही बाहेर. ती सीट वाळूवर टाकून तिच्यावर आम्ही बायका बसायचो. नवरे धूळ उडवायचे, आम्ही डब्यावरची धूळ झटकायचो.

श्रीवर्धनचे उस्मानभाई आमचे पंच. त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं, त्यामुळे त्यांच्याशी भांडण कुणालाच परवडायचं नाही. त्यांचा एक हट्ट होता. जिंकलेली गाडी स्वतःच्या चाकांवर घरी गेली पाहिजे. सीट बसवायची, बायको बसवायची, घर गाठायचं आणि त्यांना फोन करायचा, “पोचली.” ते म्हणायचे, “धरली.” तेव्हा कुठे निकाल लागायचा.

पुढे एका शुक्रवारी एक गाडी ट्रेलरवरून आली. आतून सगळी बदललेली, मागे सीटच नाही. ती जिंकली आणि ट्रेलरवरच परत गेली. कुणी भांडलं नाही, पण आमचं मन उडालं. हळूहळू लोक येईनासे झाले. मला अजून त्या गाडीचा राग येतो.

तर आम्ही जानेवारीत गेलो. जाणार असाल तर हेच दिवस निवडा, आणि स्वेटर न्या, समुद्रावरचा वारा हाडात शिरतो. व्हिजिट व्हिसा उस्मानभाईंनी काढला होता. विमानतळावरून टॅक्सी केलीत तर भाडं आधी ठरवा. अबू हलीफाला त्यांचा जुनाच फ्लॅट, खिडकीतून समुद्र दिसणारा. त्यांच्या बायकोने, झुबेदाभाभींनी, दारातच मला मिठी मारली. कोळंबीचं सुकं आणि घावणे तयार होते. सकाळी खालच्या इराणी भट्टीतून गरम खुबूज, म्हणजे तिकडची रोटी, आणा, चहाबरोबर दुसरं काही लागत नाही.

पहिल्या दिवशी एगैलाच्या मॉलमध्ये गेलो. श्रीकांत बाजूने येणाऱ्या माणसांवर आदळत होते आणि प्रत्येकाला ‘सॉरी’ म्हणत होते. ज्यांच्या गाडीला कधी ओरखडा पडला नाही, त्यांना असं चालताना बघून मी त्यांचा दंड धरला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. उस्मानभाईंनी दुकानाची जुनी, हाताच्या गिअरची गाडी काढली.

“आता तिथं काय ऱ्हायला नाय, वहिनी,” ते वाटेत म्हणाले. “तारा नी तंबू.”

खरंच, अर्ध्या मैदानाला कुंपण पडलं होतं. पलीकडे थंडीतल्या सहलींचे तंबू. उरलेला तुकडा मात्र मोकळा होता आणि त्यावर कुणाचा तरी गंजका पिंप होता. उस्मानभाई उतरले, मागचं दार उघडलं, दोन झटके देऊन सीट उपटली आणि वाळूवर ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं. भाभी जाऊन बसल्या, त्यांनी शेजारची जागा माझ्यासाठी थोपटली.

श्रीकांत स्टीअरिंगवर बसले. इंजिन चालू झालं. मी खिडकीशी गेले. नको म्हणायचं होतं, पण त्यांचा चेहरा बघून काचेवरची धूळ तेवढी पुसली.

“उस्मान,” त्यांनी विचारलं, “पिंप एकही नाही का राहिला?”

पिंप डाव्या अंगाला होता, कमरेएवढा उंच, हाकेच्या अंतरावर. उस्मानभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या गप्प बसण्यातून श्रीकांतना उत्तर मिळालं. त्यांनी मान वळवली, पिंप शोधला आणि त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग इंजिन बंद करून खाली उतरले.

“सुनंदा, तू जा,” किल्ली माझ्या हातात देत म्हणाले.

“अहो, मी? मी भाजीला गाडी नेते हो फक्त!”

“जा. मी ऐकतो.”

ते जाऊन भाभींच्या शेजारी बसले, माझ्या जागेवर. तिकडची गाडी डाव्या हाताची, त्यामुळे गिअरसाठी माझा हात सवयीने डावीकडे गेला आणि दारावर आपटला. गोगलगायीसारखी फेरी मारली मी. डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून आणखी सावकाश. परत येऊन थांबले तर हे म्हणतात, “पिंपापाशी गिअर उशिरा टाकलास.”

सीट परत बसवून आम्ही घरी गेलो. नंतर दोन दिवस समुद्रावर फिरलो, खजूर घेतले.

मुंबईला उतरलो. आमची गाडी ठाण्याला दिरांकडे ठेवली होती. जाताना भाड्याचा ड्रायव्हर आणला होता. परतताना दीर ड्रायव्हरला फोन लावू लागले, तर मी म्हटलं, “राहू द्या.” नाशिक शहराबाहेर मी कधी गाडी नेली नव्हती. कसारा घाटात ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून माझा उद्धार केला. श्रीकांत शेजारी डोळे मिटून बसले होते आणि ‘आता दुसरा’, ‘आता तिसरा’ एवढंच सांगत होते.

लोक विचारतात, तिकडे बघण्यासारखं काय आहे? खरं सांगायचं तर एक गंजका पिंप. तोही आता ह्यांना मान वळवल्याशिवाय दिसत नाही. पण घरी येऊन मी बॅगा उतरवत होते, तेवढ्यात फोन वाजला. श्रीकांतनी चाचपडत रिसीव्हर उचलला. पलीकडे उस्मानभाई होते. ह्यांनी थोडं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे मान वळवली.

“हो, पोचली,” ते म्हणाले. “सुनंदाची.”

रिसीव्हरमधला आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. “धरली!”