घाटाखालच्या विहिरी

नोकरी लागली तेव्हा बुलढाण्यातल्या आमच्या कचेरीत एकच संगणक होता आणि तो सांभाळणारा मी एकटा. खोलीला जाड पडदे, दाराबाहेर चपलांचा ढीग, आत एसीची घरघर. लोक आत आले की देवळात आल्यासारखे हळू बोलत. खोटं कशाला सांगू, माझ्या डोक्यात हवा गेली होती.

घाटाखालच्या विहिरींचं पाणी मोजणारे एक काका होते. दर उन्हाळ्यात दोराला वजन बांधून गावोगाव फिरायचे आणि पाणी किती खोल गेलं ते वहीत लिहायचे. त्या श्रावणात ते निवृत्त होणार होते. त्यांची शेवटची वही मी संगणकात भरली आणि ऐटीत म्हणालो, "काका, आता वहीचं काय काम? जाऊ द्या रद्दीत." गेली.

दर शनिवारी मी नव्या नोंदींची प्रत फ्लॉपीवर उतरवून ठेवायचो. वही गेल्यानंतरच्या शनिवारी आज्ञा उलटी दिली. फ्लॉपीवरच्या जुन्या नोंदी संगणकातल्या नव्या नोंदींवर जाऊन बसल्या आणि काकांचा शेवटचा उन्हाळा पुसला गेला. पुन्हा मोजायची सोय नव्हती. विहिरी तोवर भरून आल्या होत्या.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी काकांना सगळं सांगितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते चपला काढून आत आले आणि माझ्या शेजारी बसले. "मले डोये मिटू द्या जरा," म्हणाले, "तुम्ही लिवत जा, साहेब."

मनानंच संग्रामपूरपासून निघाले. आधी वाट सांगायचे, मग झाड, मग आकडा. "लिंबाची सावली पडते तिच्यात. दोर टाकला तं पारवे उडाले. बारा मीटर." मी टाइप करत होतो. जळगाव जामोद आलं, सातपुडा जवळ आला, त्यांचा आवाज दोरासारखा खाली खाली उतरत गेला, आणि त्या बंद खोलीत मला खरंच ओल्या दगडांचा वास आला. मी त्या वाटांनी कधी गेलो नव्हतो. अजूनही घाटाखाली म्हटलं की मला तीच दुपार दिसते.

पिंपळगाव राजाच्या एका विहिरीपाशी ते थांबले. "नाही दिसत," म्हणाले.

"मागच्या सालचा आकडा टाकू?"

त्यांनी डोळे उघडले. "काऊन? कोरं ठिवा. पाण्याचं खोटं नाही लिवत."

अशा अकरा विहिरी कोऱ्या राहिल्या. त्यांच्यापुढच्या शेऱ्यासाठी काकांनीच मजकूर सांगितला, "लिवा, मोजणाऱ्याले आठवलं नाही." जन्मभर मोजलेल्या पाण्यावर शेवटी हा डाग! मी मान डोलावली आणि ते चहाला गेल्यावर दुसरंच लिहिलं: या उन्हाळ्याच्या सर्व नोंदी माझ्या हातून पुसल्या गेल्या, आकडे मोजणाऱ्यांच्या आठवणीतून घेतले आहेत. खाली माझं नाव.

छापील कागद त्यांनी बोट ठेवून वाचला. बोट माझ्या नावावर थांबलं.

"काऊन लिवलं बे हे? नौकरी जाईन ना तुही!"

मी पेन पुढे केलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सही केली आणि एस.टी. गाठायला निघून गेले. त्या 'बे'नं माझी साहेबी संपली, आणि मला इतकं बरं वाटलं की तिथंच बसून मी रडलो.